अमेरिकी केक मिक्स अंड्याशिवाय करायचं तर

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊ न्यू जर्सीहून येताना केक मिक्सचे तीन खोके घेऊन आला: एक यलो केक, एक डेव्हिल्स फूड म्हणजे गडद चॉकलेटचा, आणि एक एंजल फूड. आईची पंचाहत्तरी आहे आणि आई अंडं खात नाही. यलो केकच्या खोक्यावर ३ अंडी, अर्धा कप तेल आणि १ कप पाणी असं लिहिलंय. ताईंना अंड्यांऐवजी कंडेन्स्ड मिल्क किंवा दही, पाण्याऐवजी दूध आणि तेलाऐवजी बटर घालायचंय. ‘तिन्ही एकदम बदललं तर चालेल ना?’

तिन्ही एकदम बदलू नका. पाणी आणि तेल बदलणं सोपं आहे, त्यात केक बिघडण्याची भीती फारशी नसते. खरं काम अंड्याचं. ते काढायचं ठरलं की बाकीचे बदल त्याच्याच हिशेबात बसवावे लागतात, कारण दही, दूध, बटर या सगळ्यांतून पाणी येतं आणि ते खोक्यावरच्या एका कपात कुणी धरलेलं नसतं.

घरी मोजूनमापून बिनअंड्याचा केक करतो तेव्हा साखर कमी, मैदा थोडा जास्त, दह्याला जोड म्हणून सोडा, असं सगळं आपल्या हातात असतं. खोक्यात या तिन्ही गोष्टी आधीच मिसळून बसलेल्या आहेत. त्यातून काढता काही येत नाही. अमेरिकेत घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. तुमच्या खोक्याची यादी वाचा. बऱ्याच खोक्यांवर पहिलं नाव साखरेचं असतं, मैदा दुसरा. ४३२ ग्रॅमच्या यलो केकमध्ये साखर साधारण ४० टक्के धरा, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. आपण घरी एवढ्या मैद्याला एवढी साखर कधी घालणार नाही.

ही साखर नुसती गोडीपुरती नाही. साखर जास्त असली की मैद्यातलं स्टार्च उशिरा, जास्त तापमानाला घट्ट होतं. तोपर्यंत केक फुगलेला असतो, पण आतून अजून पातळच. त्या मधल्या काळात त्याला उभं धरून ठेवतं ते अंड्यातलं प्रथिन. मोठ्या अमेरिकी अंड्याचं कवच सोडून वजन ५० ग्रॅम. तीन अंड्यांचे १५० ग्रॅम. त्यात सुमारे ११२ ग्रॅम पाणी, १८-१९ ग्रॅम प्रथिनं, १४-१५ ग्रॅम स्निग्धांश. शिवाय पिवळ्या बलकातलं लेसिथिन तेल-पाणी एकजीव करतं. हे शेवटचं काम तुमच्यासाठी खोका स्वतःच करतो, त्यात मोनो आणि डायग्लिसराइड्ससारखे इमल्सिफायर घातलेले असतात. म्हणून आपल्याला काळजी दोनच गोष्टींची करायचीय: पाणी नेमकं तेवढंच, आणि प्रथिनांची तूट जमेल तेवढी भरून काढणं.

इथे एक लोकप्रिय गोष्ट निस्तरून टाकते, कारण तिच्यामुळे लोक अंडं सहज वगळता येईल असं समजतात. गोष्ट अशी: केक मिक्समध्ये आधी सगळंच होतं, नुसतं पाणी घालायचं, बायकांना त्यात काही केल्यासारखं वाटेना, मग अर्नेस्ट डिक्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कंपनीला सल्ला दिला की अंडं त्यांना घालू द्या, आणि खप वाढला. म्हणजे अंडं केवळ मनाच्या समाधानासाठी. आता तारखा बघा. पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या काकवीवाल्या कंपनीने ताजं अंडं घरी घालायच्या मिश्रणाचं पेटंट १९३५ सालीच मिळवलं होतं, आणि डिक्टर अमेरिकेत आले तेच १९३८ मध्ये. गिऱ्हाइकाला ताजं अंडं आवडतं हे डफ यांनी पेटंटमध्येच लिहून ठेवलंय. आणि वाळवलेल्या अंड्यापेक्षा ताज्या अंड्याचा केक चवीला आणि पोताला चांगला होतो, हेही आहेच. तेव्हा यलो केकच्या खोक्यावरची तीन अंडी शोभेची नाहीत.

आता कंडेन्स्ड मिल्क. आपल्याकडे बिनअंड्याचा केक म्हटलं की डबा फोडायचा हे इतकं अंगवळणी पडलंय की ताईंनी ते पहिल्यांदा लिहिलं याचं नवल नाही. पण ती कृती मैद्यापासून सुरू होते आणि तिच्यात वेगळी साखर जवळजवळ नसते. डब्यातली साखर हीच केकची साखर. खोक्यात साखर आधीच काठोकाठ आहे. अर्धा डबा घातलात तर साधारण ९० ग्रॅम साखर वर पडते, दुधाची स्वतःची वेगळी. म्हणजे आधार काढून घेतला आणि वर ओझंही वाढवलं. असा केक ओव्हनमध्ये छान फुगलेला दिसतो आणि बाहेर काढल्यावर मधोमध बसतो, खाली चिकट थर धरतो. कंडेन्स्ड मिल्क घरच्या मैद्याच्या केकसाठी ठेवा.

दही मात्र चालतं, आणि यलो केकला तेच घ्या. एका अंड्याला पाव कप, म्हणजे साधारण ६० ग्रॅम, तीन अंड्यांना १८० ग्रॅम. दह्यात साधारण ८७ टक्के पाणी असतं, म्हणजे १८० ग्रॅममध्ये १५५ च्या आसपास. अंड्यांतून ११२ येणार होतं. हे जे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम जास्त आलं ते खोक्यावरच्या पाण्यातून वजा करायचं: ३ टेबलस्पून. बहुतेक बिनअंड्याचे खोक्याचे केक एवढ्याशा पाण्यानेच गच्च होतात. अंड्याच्या जागी दही घातलं जातं, पाणी मात्र छापील तेवढंच पडतं.

प्रथिनांचं काय? १८० ग्रॅम दह्यातून सहा-सात ग्रॅम मिळतात, अंड्यांच्या एक तृतीयांश. उरलेल्यातली थोडी तूट दूध पावडरने भरा. साधी दूध पावडर घ्या. चहासाठीच्या डेअरी व्हाइटनरमध्ये बऱ्याचदा साखर असते, ती इथे नको. आणि २ टेबलस्पून मैदा. खोक्यातून साखर काढता येत नाही, पण थोडा मैदा वाढवून तिचं प्रमाण जरा उतरवता येतं.

तर ४३२ ग्रॅमच्या यलो केकसाठी माझं प्रमाण असं: खोक्यातलं मिश्रण चाळून, त्यात ३ टेबलस्पून दूध पावडर आणि २ टेबलस्पून मैदा, दुसऱ्या भांड्यात १८० ग्रॅम ताजं, गोड, फेटलेलं दही, १९५ मिली पाणी, अर्धा कप म्हणजे १२० मिली बिनवासाचं तेल. घरचं दही असेल तर वर सुटलेलं पाणी आधी ओतून टाका. कप म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप, आमटीची वाटी नव्हे. वजनकाटा असेल तर फारच बरं.

सोडा, बेकिंग पावडर, व्हिनेगर यांतलं काहीही वरून घालू नका. दही आलं की हात आपोआप सोड्याच्या बरणीकडे जातो, कारण आपल्या कृतीत ती जोडी असते. खोक्यातला सोडा आधीच आपल्या जोडीच्या आम्लक्षारांशी मोजून घातलेला असतो. वर सोडा घातला तर केकला साबणासारखी चव येते, रंग उगाच तपकिरी होतो आणि जास्त फुगून तो बसतो. दह्याच्या आंबटपणाने खोक्यातला थोडा सोडा लगेच कामाला लागतो, म्हणून मिश्रण तयार झालं की थांबायचं नाही. ओव्हन आधी तापवून, टिनांना कागद लावून, मगच ओलं आणि कोरडं एकत्र करा.

आणि फेटा. क्लासमध्ये बिनअंड्याच्या केकला ‘कट अँड फोल्ड’, हलक्या हाताने, असं शिकवतो ते घरच्या मैद्यासाठी. खोक्यातला मैदा मऊ असतो, साखर भरपूर, त्यामुळे चिवट व्हायची भीती कमी. आणि ते इमल्सिफायर हवा धरण्यासाठीच घातलेले आहेत, ते फेटल्याशिवाय काम करत नाहीत. इलेक्ट्रिक बीटरने मध्यम वेगावर दीड-दोन मिनिटं. मिश्रण फिकट आणि किंचित फुललेलं दिसलं की थांबा.

टिन उथळ हवेत. या केकला आधार कमी आहे, तेव्हा सगळं मिश्रण एका खोल टिनमध्ये ओतून कडेचा भाग भाजेपर्यंत मध्य कच्चा ठेवण्यात अर्थ नाही. खोक्यावर २३ गुणिले ३३ सेंटिमीटरचा ट्रे सुचवलेला असतो, तो आपल्याकडच्या बऱ्याच ओटीजीत मावत नाही. २० सेंटिमीटरचे दोन गोल टिन घ्या, अर्ध्यापेक्षा थोडेच वर भरा. ओव्हन लहान असेल तर एकेक न करता दोन्ही एकाच वेळी मावतात का ते आधी रिकामे टिन ठेवून बघा, कारण दुसरा टिन अर्धा तास ओट्यावर थांबला की त्यातला वायू निघून जातो. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७५ सेल्सिअस. दूध पावडर आणि दह्यामुळे हा केक लवकर लाल होतो, म्हणून १७० वर ठेवा. पंचवीस मिनिटांनंतर टूथपिक घालून बघायला सुरुवात करा, त्याआधी दार उघडू नका. बाहेर काढल्यावर वीसेक मिनिटं टिनमध्येच राहू द्या. बिनअंड्याचा केक गरम असताना उलटा केला तर हमखास तुटतो. आदल्या दिवशी करून ठेवलात तर दुसऱ्या दिवशी सुरी स्वच्छ चालते.

पंचाहत्तरीला माणसं जास्त असतील आणि मोठा केक कापायचा हट्ट नसेल तर कपकेक करा. लहान साच्यात आधाराचा प्रश्नच फारसा उरत नाही.

आता पाण्याऐवजी दूध. अंडी घालून केक करणार असाल तर खुशाल घाला. कपाला कप, हवं तर एक टेबलस्पून जास्त, कारण दूध सगळंच काही पाणी नसतं. चव भरते, पोत जरा घट्ट होतो, वरचा रंग छान येतो. पण वरच्या प्रमाणात दही आणि दूध पावडर आधीच आलीय. त्यावर म्हशीचं सायीचं दूध म्हणजे केक जड होणार आणि आतून शिजायच्या आधी वरून काळवंडणार. इथे पाणीच ठेवा.

बटरबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तेल म्हणजे शंभर टक्के स्निग्धांश. बटरमध्ये तो ८० टक्के, उरलेल्यात बहुतेक पाणी, आणि खारं असेल तर मीठ. अर्धा कप तेलाच्या जागी वितळवलेलं बिनमिठाचं बटर १२५ ते १३५ ग्रॅम घ्यावं लागतं आणि पाणी २ टेबलस्पून कमी करावं लागतं. हे जमतं. पण तुम्ही वर क्रीम लावून केक फ्रिजमध्ये ठेवणार. थंडीत बटर गोठतं, तेल गोठत नाही. फ्रिजमधून काढलेला बटरचा केक पाहुणे येईपर्यंत दगड झालेला असतो. वास हवाच असेल तर ६० मिली तेल आणि ६० ग्रॅम बटर असं करा, पाणी एक टेबलस्पून कमी. तुपाचं तेच: वजनाला वजन घेता येतं कारण त्यात पाणी जवळजवळ नसतं, पण फ्रिजमध्ये तेही घट्ट होतं. घरचं लोणी नको. त्यात ताक किती राहिलंय हे कुणाला सांगता येत नाही.

तेल कमी करायचं म्हणून कुणी सफरचंदाचा गर किंवा जास्तीचं दही घालतात. अर्ध्या तेलापर्यंत ठीक. सगळंच तेल काढलं तर केक रबरासारखा होतो.

डेव्हिल्स फूडचा खोका या सगळ्यात सोपा. कोको स्वतः पाणी धरतो, रंग दोष लपवतो, आणि या मिश्रणात सोडा थोडा चढाच असल्याने दह्याचा आंबटपणा त्याला झेपतो. फक्त रंग जरा उजळ होईल. त्यात मी दह्याऐवजी जवस घेते. एका अंड्याला एक टेबलस्पून कच्च्या जवसाची बारीक पूड आणि ३ टेबलस्पून पाणी, दहा मिनिटं ठेवून चिकट होऊ द्यायचं. चटणीसाठी भाजलेले जवस नकोत, वास चटणीचाच येतो. यात पाण्याचा हिशेब अंड्याच्या जवळपास बसतो, खोक्यावरचं पाणी एखादा टेबलस्पून कमी केलं तरी पुरे. पिवळ्या केकमध्ये मात्र जवसाचे ठिपके दिसतात. चॉकलेटच्या खोक्याला पाण्याऐवजी काळी कॉफी घाला, पूर्ण गार करून. हा एक बदल असा आहे की ज्यात काहीच बिघडत नाही आणि चव दुप्पट होते.

सोड्याच्या कॅनचा उपाय ताईंनी विचारला नाही, पण कुणीतरी सुचवेलच: खोका आणि ३५५ मिलीचा कोला किंवा लेमन सोडा, ना अंडं ना तेल. केक होतो. गरम असताना बराही लागतो. पण वायूचा भाग फेटतानाच उडून जातो, उरतं साखरपाणी आणि आम्ल. दुसऱ्या दिवशी त्याची वरची साल बोटांना चिकटते आणि कापताना भुगा पडतो. वाढदिवसाला नको.

आमरस किंवा संत्र्याचा रस घालायचा मोह होईल. रसापैकी अर्धा कप पाण्याच्या जागी चालतो. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होत जातो, तेव्हा काढल्या काढल्या वापरा. डब्यातला आंब्याचा पल्प बहुधा गोड केलेला असतो, म्हणजे पुन्हा तीच साखर. आंबा क्रीममध्ये घाला, तिथे त्याची चवही जास्त कळते.

माप बदलण्याआधी खोक्याचं वजन वाचा. नेटवर फिरणाऱ्या जुन्या कृती ५१७ ग्रॅमच्या खोक्याच्या आहेत. पुढे तो ४३२ ग्रॅमचा झाला, काही ब्रँडचा आता ३७५ ग्रॅमचाच येतो. जुन्या कृतीतलं ‘एक खोका आणि एक कप दही’ आजच्या खोक्याला बुडवेल. भारतातलं बिनअंड्याचं प्रीमिक्स आणलं असेल तर यातलं काहीच करू नका. ते अंड्याशिवायच जुळवलेलं असतं; पाकिटावरचं पाणी आणि तेल घालायचं, बस्स.

उंचीची सूचनाही खोक्यावर असते, ३,५०० ते ६,५०० फुटांसाठी. ठाणे, पुणे, नाशिक यांना ती लागू नाही. महाबळेश्वरला बंगला घेऊन वाढदिवस करणार असाल तर लागू आहे, तेवढं लक्षात ठेवा.

आईसाठी एक गोष्ट केक करण्याआधीच बघा. आपल्या पाकिटांवर हिरवा ठिपका असतो तसा अमेरिकी खोक्यावर नसतो. अंडं आणि दूध असेल तर ते यादीतच किंवा तिच्या खालच्या ‘कंटेन्स’ या ओळीत लिहावंच लागतं. पण मोनो आणि डायग्लिसराइड्स वनस्पतीजन्य आहेत की प्राणिजन्य हे लिहिण्याची सक्ती नाही, आणि जिलेटिन त्या ओळीत येत नाही, ते मोठ्या यादीत शोधावं लागतं. भावाने फ्रॉस्टिंगचा डबा किंवा मार्शमेलो आणले असतील तर तेही तपासा. आई अंडं खात नाही एवढंच असेल तर प्रश्न मिटला. शुद्ध शाकाहार कटाक्षाने पाळत असतील तर हे त्यांना आधी सांगा आणि त्यांनाच ठरवू द्या. नको म्हणाल्या तर यलो केक इथल्या प्रीमिक्सचा करा.

राहिला एंजल फूड. त्यात अंड्याचा पांढरा भाग वाळवून आधीच घातलेला असतो, म्हणून तर त्यावर फक्त पाणी घाला असं लिहिलंय. त्याला पर्याय नाही, तो आईच्या ताटात जायला नको. भाच्यांसाठी करा, पण वेगळ्या दिवशी. मधे नळी असलेला उंच टिन लागतो, त्याला तेल-तूप अजिबात लावायचं नाही, कारण हा केक टिनच्या भिंतीला धरून वर चढतो. आणि तो तुमच्या ओटीजीत वरच्या सळईला टेकणार नाही एवढी जागा आहे का ते आधी मोजून घ्या.